दाराला दोन कड्या : उलट्या, सलाईन आणि जीवनसत्त्व ब१

पिंगुळीकर

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. बहिणीला विचारलं, ती म्हणाली लिही, फक्त माझं नाव आणि हॉस्पिटलचं नाव घालू नकोस. तेव्हा ही नुसती 'धाकटी'.

धाकटी ठाण्यात असते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले आणि सातव्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या. गरोदरपणातल्या मळमळीवर लोक विनोद करतात, तसल्या नव्हेत. पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. आई कुडाळहून जाऊन राहिली. पेज, कोकमाचं सार, आलं-लिंबू, सगळं करून झालं. "होतं असं, माझ्या वेळी पण झालेलं" हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येक बाईने एकदा तरी म्हटलं. पाच आठवड्यांत आठ किलो वजन उतरलं. तीन वेळा दाखल केलं. दर खेपेला सलाईन, उलटीचं इंजेक्शन, दोन दिवस तरतरी, मग घरी आणि पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला ग्लुकोजचं सलाईन चालू होतं. मी शेजारी बसलेलो. ती म्हणाली, "दादा, या दाराला दोन कड्या कशाला?" दाराला एकच कडी होती. मी हसलो, म्हटलं झोप आता. रात्री बाथरूमला नेताना ती पाय फाकवून, भिंत धरून चालत होती, होडीत उभं राहिल्यासारखी. सकाळी आईला विचारते, "तू कधी आलीस?" आई तीन आठवडे तिच्या उशाशी होती. अशक्तपणा असेल, झोप नाही, ताण आलाय, असं सगळ्यांनीच धरलं. मावशीने दृष्ट काढली. मी इंजिनियर माणूस, मीही काही वेगळं बोललो नाही.

दुपारी तिथे येणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ बाई दुसऱ्याच पेशंटसाठी आल्या होत्या. जाता जाता हिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून पाहिलं. बुबुळं बाजूला पुरती जात नव्हती, थरथरत होती. त्यांनी आईला एवढंच विचारलं, "हिच्या पोटात धड अन्न गेल्याला किती दिवस झाले?" आणि एमआरआयची वाट न बघता शिरेतून थायमिन सुरू करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराला एकच कडी दिसायला लागली.

आजाराचं नाव वर्निके एन्सेफॅलोपॅथी. कारण जीवनसत्त्व ब१, म्हणजे थायमिन, संपलेलं. डोळे लगेच सुधारले, चालणं सरळ व्हायला चार महिने लागले. त्या दोन आठवड्यांतलं तिला अजूनही फारसं आठवत नाही.

शाळेत 'जोड्या लावा'मध्ये (जीवनसत्त्व आणि त्याच्या कमतरतेचा आजार) 'ब१ – बेरीबेरी' अशी रेघ मारून एक गुण मिळवला होता. त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. इथले डॉक्टर आणि जाणकार लिहितील का? इतकी साधी गोष्ट लवकर कुणाच्या लक्षात का येत नाही?

---

अबोली_२२

बाप रे. वाचताना काटा आला. धाकटी आणि बाळ आता कसे आहेत ते आधी सांगा.

आमच्या वेळी त्या जोड्यांमध्ये 'क – स्कर्व्ही' सगळ्यांचं बरोबर यायचं आणि बेरीबेरी-पेलाग्रा यांची अदलाबदल व्हायची. :)

---

पिंगुळीकर

@अबोली, दोघंही छान आहेत. पोरगी सात महिन्यांची झाली.

---

नसानाडी

मी फिजिशियन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पण असे पेशंट पाहिलेत. जमेल तसं सांगतो.

पेशीत ग्लुकोजपासून ऊर्जा तयार होताना मधे एक नाकं लागतं. ग्लुकोज मोडून पायरुव्हेट होतं, आणि ते पुढच्या चक्रात ढकलणाऱ्या विकराला (एन्झाइमला) थायमिन सोबत लागतंच. ते नसलं की पायरुव्हेट अडकतं, त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि पेशी उपाशी राहते. मेंदू आणि हृदय सर्वांत उधळे ग्राहक, म्हणून आधी तेच कोसळतात.

आता साठा बघा. शरीरात सगळं मिळून थायमिन २५ ते ३० मिलिग्राम. रोज लागतं साधारण एक ते दीड मिलिग्राम, गरोदरपणात थोडं जास्त. ब१२ यकृतात वर्षानुवर्षं पुरतं, तसं याचं नाही. खाणं बंद झालं की दोन-तीन आठवड्यांत तळ दिसायला लागतो. धाकटीच्या पाच आठवड्यांचा हिशोब तुम्हीच करा.

अशा रिकाम्या शरीरात नुसतं ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिनही ते वापरण्यात खर्ची पडतं. म्हणून लांबलेल्या उलट्या, उपासमार किंवा दारूचा पेशंट असेल तर ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन द्यायचं असं आम्हाला शिकवतात. (साखर धोकादायक खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवून ठेवायचं नसतं. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर उद्या कुणीतरी कॅज्युअल्टीत भांडायला उभं राहील.)

लक्षात का येत नाही? पुस्तकात तीन लक्षणं असतात: डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं, गोंधळणं. तिन्ही एकत्र फार थोड्या पेशंटमध्ये दिसतात. एकेक सुटं आलं की अशक्तपणाच्या खात्यात जातं. दुसरं म्हणजे हा दारुड्यांचा आजार अशी आमच्याही डोक्यात गाठ बसलीय. गंमत बघा, कार्ल वर्निकेने १८८१ मध्ये ज्या तीन पेशंटांवरून हे वर्णन लिहिलं, त्यातले दोन दारू पिणारे होते, पण तिसरी होती एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी. तिने सल्फ्युरिक आम्ल प्यायलं होतं, जीव वाचला, पण नंतर उलट्या थांबेनात. म्हणजे 'धाकटी' पहिल्या दिवसापासून त्या वर्णनात होती.

---

रिकामटेकडा

लेख चांगला, पण आता उद्यापासून सगळे ब१च्या गोळ्या खात सुटणार. आमच्या रायगडात पिढ्यानपिढ्या तीन वेळा भात खातात. कुणाला बेरीबेरी झाल्याचं ऐकलं नाही. औषध कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हवंय, दुसरं काय.

---

भाताचं_शीत

@रिकामटेकडा, थायमिनची गोळी इतकी स्वस्त आहे की तिच्यावर कुणाची माडी चढायची नाही. :) पण भाताचा प्रश्न तुम्ही बरोबर काढलात, कारण या आजाराची सगळी कथा भातातच शिजलीय.

डच सरकारने जावा बेटावर बेरीबेरीचा जंतू शोधायला माणसं पाठवली. त्यातला ख्रिस्तियान आइकमन बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, मागे राहिला. १८८९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडायला लागल्या, माना टाकायला लागल्या, अगदी बेरीबेरीच्या पेशंटसारख्या. मग अचानक बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळलं, मधले काही महिने लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घालत होते. नवा आचारी आला आणि त्याने हात आखडला: सैन्याचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना कशाला? परत कोंड्यासकट तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठल्या. आचाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आइकमनला १९२९ चं नोबेल मिळालं.

पुढे फोर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने जावातल्या शंभरेक तुरुंगांचा हिशोब मांडला. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत ३९ कैद्यांमागे एक बेरीबेरीचा, कोंड्याच्या तांदळाच्या तुरुंगांत दहा हजारांमागे एक. तरी आइकमनला वाटत होतं की पांढऱ्या तांदळात काहीतरी विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. विष वगैरे काही नाही, काहीतरी कमी पडतंय, हे त्याच्यामागून आलेल्या ग्रेन्सने १९०१ मध्ये मांडलं.

आता रायगडाकडे येतो. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. भात (साळ म्हणा) भिजत घालायचं, हंड्यात उकड द्यायची, खळ्यात वाळवायचं आणि मग गिरणीत न्यायचं. पाण्यात विरघळणारं थायमिन या भिजण्या-उकडण्यात कोंड्यातून दाण्याच्या आत सरकतं आणि तिथेच बसतं. नंतर कितीही सडा, बरंचसं दाण्यात राहतं. मलायातही हेच दिसलं होतं. उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर ठणठणीत आणि पांढरा खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने आडवे. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात फ्लेचर नावाच्या डॉक्टरने १९०५ च्या सुमारास अर्ध्या रुग्णांना पांढरा आणि अर्ध्यांना उकडा देऊन पाहिलं. पांढऱ्यावाल्यांत आजार आणि मृत्यू, उकड्यावाल्यांत जवळपास काही नाही. (आज असा प्रयोग केला तर डॉक्टर तुरुंगात जाईल.)

आणि ज्यांच्याकडे उकडा नाही त्यांच्या ताटात वरण होतं, मासळी होती, भाजीत शेंगदाण्याचा कूट होता. देशावर तर ज्वारी-बाजरीच. शेंगदाणे, तीळ, डाळी, भरडधान्यं यांत थायमिन चांगलं असतं. बेरीबेरी व्हायला नुसता पांढरा भात पुरत नाही, त्याच्या जोडीला दुसरं काहीच नसावं लागतं.

---

रिकामटेकडा

माघार. कूट वाचवतो हे आमच्या हिला सांगतो, ती मला कमी घाल म्हणून ओरडते.

---

जुनी_पलटण

या विषयात एक लष्करी पान आहे, ते मराठी माणसाला ठाऊक असावं.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या गोऱ्या-हिंदी फौजेला वेढा घातला, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. आत मराठा पलटणीही होत्या. एकच वेढा, एकच उपासमार, पण आजार दोन. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. कारण गोऱ्यांना मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस मिळे. हिंदी सैनिक आटा खात, पण बहुतेकांनी घोड्याचं मांस नाकारलं आणि ताजी भाजी तर मिळतच नव्हती. आट्यातल्या कोंड्याने त्यांना ब१ दिलं, क मात्र कुठूनच नाही. पुढे मैदा संपला, गोऱ्यांनाही कोंड्याचं भरड पीठ खावं लागलं आणि त्यांचा बेरीबेरी हटला. रसद संपल्यामुळे आजार बरा झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

जपानचं उलटं. ताकाकी कानेहिरो हा नौदलाचा डॉक्टर. १८८२-८३ च्या सफरीत 'र्‍यूजो' जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ मेले. त्याने १८८४ मध्ये दुसरं जहाज त्याच मार्गाने वेगळा आहार देऊन पाठवलं. बेरीबेरीने एकही मेला नाही. त्याला वाटलं प्रथिनांमुळे, तेवढं चुकलं. नौदल सुधारलं, पण भूदलाचे डॉक्टर हट्टाने जंतू शोधत बसले आणि पांढरा भातच देत राहिले. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) जपानी भूदलाचे हजारो सैनिक गोळीने नव्हे, बेरीबेरीने गेले. नोकरीत असताना रसदीची कागदपत्रं पाहिलेला माणूस आहे मी, असले हट्ट कसे होतात ते ओळखतो.

---

झेलमकाठी

मी बालरोगतज्ज्ञ, मूळची साताऱ्याची, काही काळ काश्मीरमध्ये काम केलं. "हा आजार इतिहासजमा" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी लिहिते.

तिथे दोन-तीन महिन्यांची, निव्वळ आईच्या दुधावरची, गुटगुटीत बाळं अचानक यायची. कण्हणं, जोरजोरात श्वास, दूध तोडलेलं, रक्तात आम्ल भरमसाट वाढलेलं. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकं द्यायची आणि बाळ हातचं जायचं. श्रीनगरच्या डॉक्टरांनी थायमिन देऊन पाहिलं आणि बाळं काही तासांत सावरायला लागली. ते त्यांनी छापूनही आणलं. शंका जंतुसंसर्गाची असो की मेंदूज्वराची, आमच्या वॉर्डात थायमिनचं इंजेक्शन आधी टोचलं जायचं.

कारण आईच्या ताटात. गिरणीत पांढराफेक केलेला तांदूळ, तो तीन-चार पाण्यांनी चोळून धुवायचा, भरपूर पाण्यात शिजवायचा आणि वरचं पाणी फेकायचं. बाळंतिणीला पथ्य म्हणून भाज्या-डाळी बंद. त्यावर दिवसभर नून चाय, म्हणजे तिथला खारा चहा, त्यात गुलाबी रंगासाठी सोडा. चहातली टॅनिनं थायमिनला निकामी करतात. आई वरकरणी बरी दिसते, फार तर पायांना मुंग्या, पण दुधात थायमिन उतरत नाही.

मोठ्या बाळांत आणखी एक खूण असते. बाळ रडतं, तोंड वेडंवाकडं होतं, डोळ्यांत पाणी येतं, पण आवाज नाही. स्वरयंत्राच्या नसा गेलेल्या असतात. एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

---

तिखटमीठ

सोडा?! मी छोले, राजमा, वाटाण्याच्या उसळीत चिमूटभर टाकतेच. आणि भात वेळून पेज सिंकमध्ये. खरं सांगा, किती घाबरू?

---

नसानाडी

@तिखटमीठ, घाबरू नका. पण सोड्याच्या अल्कली पाण्यात थायमिन टिकत नाही हे खरं. कडधान्य रात्रभर भिजवा, कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या, सोडा लागणार नाही. पेज सिंकमध्ये ओतू नका, मीठ घालून प्या. तांदूळ एकदा-दोनदा हलका धुवा, शुभ्र पाणी येईपर्यंत चोळत बसू नका. बाहेरून जीवनसत्त्वं घातलेल्या पोषणयुक्त तांदळात लोह, फोलिक आम्ल आणि ब१२ सक्तीचं आहे, ब१ ऐच्छिक. म्हणजे त्या भरवशावर राहू नका.

---

ओसरीवरचा

आमचे काका गेले त्याला सहा वर्षं झाली, आज कारण नीट कळतंय.

काका पीत. शेवटची दोन वर्षं जेवण नावालाच. एकदा रात्री पडले म्हणून दवाखान्यात नेलं, चालता येईना, बोलणं असंबद्ध. "प्यायलेत, उतरू दे, सकाळी बघू." खरं तर चार दिवसांत थेंब शिवला नव्हता त्यांनी, आम्ही सांगत होतो. सलाईन लावून झोपवलं.

वाचले, पण नवीन काही लक्षात राहीना. आणि गंमत म्हणजे विचारलं की उत्तर तयार. "काका, काल काय केलंत?" "अरे पंढरपूरला जाऊन आलो, काय गर्दी होती सांगू." कोण भेटलं, प्रसाद काय मिळाला, सगळं तपशीलवार. काका तर खाटेवरून उठले नव्हते. आम्हाला वाटायचं खोटं बोलतायत, काकू चिडायच्या. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, याला कोर्साकॉफ म्हणतात, आठवणीतलं भगदाड मेंदू गोष्टीने बुजवतो, त्यांना स्वतःला ते खरंच वाटतं. त्यानंतर काकू पंढरपूरचं सगळं ऐकून घ्यायच्या. "तुळशीमाळ आणलीत का माझ्यासाठी?" विचारायच्या.

---

अबोली_२२

@ओसरीवरचा, काय बोलू. काकूंना नमस्कार सांगा.

---

नसानाडी

@ओसरीवरचा, हेच ते. दारू आतड्यातून थायमिन शोषू देत नाही, जेवण सुटलेलं असतं, आणि तोल जाणं-बरळणं ही दोन्ही लक्षणं नशेसारखीच दिसतात. वर्निकेच्या टप्प्यावर पकडलं तर परत फिरता येतं, कोर्साकॉफपर्यंत गेलं की बहुतेकांना पुरतं नाही.

व्यक्तिगत निरोपातून दोन प्रश्न आलेत, इथेच लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

वजन कमी करण्याचं पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी लिहून दिलेली जीवनसत्त्वं चुकवू नयेत, आणि उलट्या लागल्या तर 'जुळवून घेतंय पोट' म्हणत बसू नये. हृदयासाठी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्यांच्या शरीरातून लघवीवाटे थायमिन जातं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचं. पायाला सूज आणि धाप हे थायमिन संपल्याचंही लक्षण असू शकतं, त्याला ओला बेरीबेरी म्हणतात. तळपाय जळणं, मुंग्या, उकिडवं बसून उठता न येणं हा कोरडा.

रक्ताची तपासणी होते, पण मोजक्या ठिकाणी, आणि रिपोर्टला दिवस लागतात. म्हणून संशय आला की आधी द्यायचं, मग बघायचं. जास्तीचं लघवीतून निघून जातं. वर्निकेचा संशय असेल तर तोंडाने गोळी उपयोगाची नाही, शिरेतूनच, आणि तेही हॉस्पिटलात.

---

रिकामटेकडा

एक बाळबोध प्रश्न. मग उलट्या होणाऱ्या बाईच्या घरच्यांनी नेमकं म्हणायचं काय? डॉक्टरला शिकवायला गेलं की ते बिथरतात.

---

झेलमकाठी

शिकवू नका, माहिती द्या. "तीन आठवडे झाले, काही टिकत नाही, इतके किलो वजन गेलंय. सलाईनसोबत थायमिन देणार आहात का?" एवढंच. आणि दोन-दोन दिसणं, झोकांड्या, विसरणं यांतलं काहीही दिसलं तर ते शब्द जसेच्या तसे सांगा. 'अशक्तपणा आहे' असं स्वतः भाषांतर करून सांगू नका.

---

पिंगुळीकर

हे शेवटचं वाक्य मला गेल्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं. ती 'दोन कड्या' म्हणाली होती आणि मी नर्सला सांगताना 'जरा थकलीये' म्हणालो.

सगळ्यांचे आभार. @ओसरीवरचा, तुमचा प्रतिसाद धाकटीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मी पण तेव्हा अशा काही गोष्टी सांगितल्या का? सांगितल्या होत्या. एकदा म्हणाली, सकाळी बाबांबरोबर बाजारात जाऊन बांगडे आणले. बाबा जाऊन नऊ वर्षं झालीत. आईने आजवर तिला सांगितलं नव्हतं, काल सांगितलं.

आणि @भाताचं_शीत, आई आता दर महिन्याला कुडाळहून पाच किलो उकडा पाठवते. ठाण्याच्या जावयाला तो आवडत नाही, वास येतो म्हणतो. बिचारा खातो.